चन्नप्पांचं कार्ड

विरूपाक्षाचं एक ठरलेलं होतं. काही अडलं की बोट कार्डाकडे. लग्नाची फिल्म द्यायला उशीर झाला, कार्ड जुनं. नवरीच्या नावामागचा गुलाब उमलता उमलता अडखळला, कार्ड जुनं. एकदा रस्त्यावरचा डीपी जळून अख्ख्या पेठेची वीज गेली, तेव्हाही हा कपाळाला हात लावून म्हणाला, "अव्वा, या कार्डानं जीव खाल्ला बघ माझा." स्वतः मशीनसमोर दोन घटका टेकायचं नाही आणि बापानं आणलेल्या वस्तूला उठता-बसता नावं ठेवायची, हे कुठल्या घरचं वळण? त्याच्या आईला, शंकरव्वाला, आधी या बोलण्याचा राग यायचा. आता तोही येत नव्हता. राग यायला अंगात ताकद लागते. आता नुसता थकवा यायचा, गुडघ्यांपासून वर चढत जाणारा.

गदगच्या स्टेशन रोडवर त्यांचा स्टुडिओ. पुढच्या खोलीत पडदे सोडून फोटो काढायचे, मागच्या खोलीत लग्नांचं मिक्सिंग करायचं. मागची खोली तिच्या यजमानांची, चन्नप्पांची. ते होते तोवर त्या खोलीत कोणी चप्पल घालून पाऊल टाकलं नाही. ते गेल्यावरही त्यांची लाकडी खुर्ची तिथंच राहिली, वर धुतलेलं पांढरं वस्त्र घालून. त्या खुर्चीवर कोणी बसायचं नाही, असं शंकरव्वानं सांगून ठेवलं होतं. काम करणाऱ्यानं शेजारचं प्लास्टिकचं स्टूल ओढून घ्यायचं.

कार्ड म्हणजे कॉम्प्युटरच्या आत बसवायचं, स्क्रीनवरची चित्रं हलवणारं ग्राफिक्स कार्ड. ते त्यांनीच आणलेलं, बेंगळूरहून. लाल, वीतभर लांब, दोन पंख्यांचं. एसटीत सामान ठेवायच्या फळीवर न ठेवता खांद्यावरच्या उपरण्यात गुंडाळून मांडीवर घेऊन आले होते रात्रभर. अख्ख्या गदगात तेव्हा असं कार्ड नव्हतं म्हणे. निदान चन्नप्पा तसं सांगायचे, आणि नवऱ्याचा शब्द गावभर तपासत हिंडायची शंकरव्वाला सवय नव्हती. लोक लांबून यायचे. फिल्ममध्ये नवरा-नवरी ढगातून उतरायचे, कमळात बसायचे, आणि शंकरव्वा पुढच्या खोलीत मान ताठ करून बसायची.

चन्नप्पा गेले त्याच वर्षी त्यांचा जुना कॉम्प्युटरही बसला. कॉम्प्युटरचा नवा डबा आणला. दुकानदार म्हणाला, "अव्वा, आता वेगळं कार्ड लागत नाही. चित्रं हलवायची सोय प्रोसेसरच्या पोटातच असते. इनबिल्ट म्हणतात त्याला."

"नवरा नसला तरी संसार चालतो," शंकरव्वा म्हणाली, "म्हणून नवरा असताना त्याला कोणी घराबाहेर काढतं का? बसव ते कार्ड आत."

दुकानदारानं मुकाट्यानं बसवलं.

मिक्सिंग सून करायची, गिरिजा. विरूपाक्ष मांडवात कॅमेरा खांद्यावर घेऊन मिरवायचा, वधूच्या मामाला 'जरा सरका' म्हणायचा, आणि घरी आला की शूटिंगची डिस्क कुठंतरी टाकून चहा मागायचा. पुढचं सगळं त्या स्टुलावर व्हायचं. फिल्म चांगली झाली की लोक म्हणायचे, 'विरूपाक्षांचं मिक्सिंग.' शंकरव्वा म्हणायची, 'यजमानांच्या कार्डाची करामत.' आणि गिरिजा काहीच म्हणायची नाही. सून बोलली तर सासूला त्रास होतो हे खरं, पण न बोलणाऱ्या सुनेचा जास्त होतो. पोटात काय आहे ते कळतच नाही.

दसरा जवळ आला तसं विरूपाक्षानं नवं काढलं.

"अव्वा, मागची खोली देऊन टाकू. मोबाईलची कव्हरं विकणारा एक जण मागतोय. दसऱ्याच्या मुहूर्तावर सामान आणतो म्हणाला."

"आणि मिक्सिंग?"

"हुबळीला पाठवू. तिकडं मोठी मशीनं आहेत. आपण शूटिंग करायचं, डिस्क पाठवून द्यायची. फिल्म तयार होऊन येते. इथं त्या कार्डापायी रोजची बोंब."

"आणि गिरिजा?"

"ती काय, बसेल घरी. आराम करेल."

गिरिजा चहाची किटली घेऊन दारातच होती. तिनं कपात चहा ओतला, एक थेंब बशीत सांडू दिला नाही आणि आत गेली.

शंकरव्वानं खोलीकडं पाहिलं. त्या वस्त्र घातलेल्या खुर्चीच्या जागी रंगीबेरंगी कव्हरं लटकलेली तिला दिसायला लागली.  पण आवाज तिनं चढवला नाही, तेवढा दम उरला नव्हता.

"कार्ड वाईट, कार्ड वाईट म्हणतोस," ती म्हणाली, "कधी तपासलंस?"

"त्यात काय तपासायचं?"

"इराप्पाचा डबा आण."

इराप्पाचं फ्लेक्स छापायचं दुकान शेजारीच होतं. त्याचा आणि यांचा डबा एकाच दिवशी, एकाच दुकानातून आणलेला, आतून-बाहेरून सारखा. फरक एवढाच, की इराप्पाच्या डब्यात कार्ड नव्हतं. त्याचं सगळं इनबिल्टवर.

"दोन्हींवर एकच लग्न लाव. तुझ्या अप्पाचं कार्ड पुढं गेलं, तर खोलीचं नाव पुन्हा काढायचं नाही."

"आणि नाही गेलं तर?"

"तर दे खोली. माझी जीभ एकच आहे."

दोन दिवसांनी दोन्ही डबे शेजारी शेजारी मांडले. इराप्पा कागदाच्या पुडीत मंडक्की, तिखट चुरमुरे, घेऊन आला, सोबत तळलेल्या मिरच्या. हुलकोटीच्या एका लग्नाचे तुकडे दोन्ही मशीनवर चढवले आणि रेंडर लावलं. रेंडर म्हणजे त्या तुकड्यांची सलग फिल्म व्हायला लागते, आणि ती किती झाली हे सांगणारी हिरवी पट्टी स्क्रीनवर सरकत राहते. शंकरव्वा पदर तोंडाला लावून दोन पट्ट्यांकडं बघत बसली. एकाच जुवाला बांधल्यासारख्या चालल्या होत्या. ही जरा पुढं, की ती जरा पुढं, की परत दोघी बरोबर. मंडक्कीची पुडी रिकामी झाली आणि दोन्ही पट्ट्या बरोबरच टोकाला पोचल्या.

"अव्वा, जुळी भावंडं निघाली की," इराप्पा म्हणाला.

विरूपाक्षानं हात झटकले. "बघितलंस? कार्ड आणि इनबिल्ट, काडीचा फरक नाही. मग हे कार्ड आत बसून करतं काय? नुसतं बसून खातं."

बसून खाणं याला दुसऱ्याचं बरोबर दिसतं, असं शंकरव्वाच्या अगदी ओठावर आलं होतं. पण ती हरली होती. हरलेल्यानं बोलू नये. "सांग त्या कव्हरवाल्याला," एवढंच म्हणून ती उठली. उठताना गिरिजानं हात दिला. तो तिनं धरला, एरवी धरत नसे.

खंडेनवमीला गदगात पोट भरणारी प्रत्येक वस्तू विश्रांतीला बसते. सुताराचा रंधा, रिक्षावाल्याची रिक्षा, शिंप्याची कात्री. एकदा पूजा झाली की दुसऱ्या दिवशी, दसऱ्याला, सोनं म्हणून बन्नीची पानं वाटून होईपर्यंत त्या वस्तूला कामाला लावायचं नाही. स्टुडिओत कॅमेरे, दिव्यांचे स्टँड, कात्र्या, सगळं पुसून पाटावर मांडायचं. डबाही. टिळे शंकरव्वा स्वतः लावायची. वाटीत विभूती पाण्यात कालवायची, तीन बोटांनी ओढायची, वर कुंकवाचा ठिपका. ज्याला तोंड आहे त्याला टिळा, असा तिचा नियम. कॅमेऱ्याला भिंगाच्या वर, दिव्याला काचेच्या वर. आणि कार्डाला? ते तर डब्याच्या आत. म्हणून डबा फिरवून, मागच्या बाजूला कार्डाची जी पट्टी बाहेर दिसते, तिथं ती भरभरून टिळा लावायची. ते तिच्या यजमानांचं. तिथं हात आखडता नव्हता.

पूजा सांगणारे स्वामी येऊन बसले होते. होळग्यांचा, पुरणपोळ्यांचा, वास सुटला होता. बाहेर पायरीवर कोहळा ठेवलेला. उद्या कव्हरवाला सामान आणणार होता. शंकरव्वा पाटावर टेकली, म्हणाली, "फिरव ग तो डबा," आणि बोटं विभूतीत बुडवून पुढं वाकली.

तिथं टिळा होता.

मागच्या वर्षीचा. वाळून खडूसारखा झालेला, कार्डाच्या भोकात गच्च बसलेला, आणि त्यावर कुंकवाचा ठिपका जसाच्या तसा. कुठं खपलीसुद्धा उडालेली नाही.

शंकरव्वाची बोटं तशीच थांबली. तिला मशीनमधलं कळत नव्हतं, पण टिळा तिचा होता. ज्या भोकात वर्षभर वायर घातलेली असते, त्यातला टिळा असा कोरा राहतो होय?

"गिरिजा, ही जाड वायर कशाची?"

"स्क्रीनची, अत्ती."

"ती या वरच्या भोकात का? कार्ड तर खाली आहे."

गिरिजानं वाकून बघितलं. बघता बघता तिचा चेहरा उतरला. "मीच लावली होती. मागच्या दसऱ्याला, बन्नी वाटून झाल्यावर. खालचं भोक विभूतीनं बुजलेलं होतं. वर अगदी तसंच दुसरं होतं. त्यात बसली, स्क्रीन लागली."

"मग मला सांगायचं नाही?"

"सांगायला आले होते. तुम्ही म्हणालात, लागली ना स्क्रीन, मग चल पानं वाढायला."

शंकरव्वाला आठवलं नाही, पण असं ती म्हणाली असणार यात तिला शंका नव्हती.

इराप्पाला हाक मारली. तो नव्या लुंगीत, कपाळभर विभूती लावून आला. मागं वाकला, सरळ झाला आणि हसायलाच लागला.

"हसतोस काय? बोल."

"अव्वा, वरचं भोक इनबिल्टचं. स्क्रीन तिथून चालते म्हणजे कार्डावर काही चालतच नव्हतं. वर्षभर ते नुसतं आत बसून आहे."

"आणि परवा जे लावलं होतंस ते?"

"ते इनबिल्ट आणि इनबिल्ट. म्हणून तर जुळी निघाली."

शंकरव्वाच्या पाठीचा कणा किती दिवसांनी सरळ झाला. "पूजा थांबवा," ती म्हणाली.

"अव्वा!" विरूपाक्ष म्हणाला. "स्वामी बसलेत."

"त्यांना केळी दे, बसतील. एकदा पूजा झाली की मशीन उद्यापर्यंत लावता यायचं नाही, आणि उद्या तुझा तो कव्हरवाला दारात. इराप्पा, काढ ती विभूती. आज खरं काय ते होऊन जाऊ दे."

त्या घरात खंडेनवमीची पूजा कधी कोणासाठी थांबली नव्हती. इराप्पानं आगकाडीनं भोक कोरलं, फुंकर मारली, वायर खाली लावली. कार्डाचं सॉफ्टवेअर शोधून घातलं. गिरिजानं स्टूल ओढलं आणि तेच हुलकोटीचं लग्न उघडलं.

आधी गुलाब आला. पाकळी पाकळी सुटली आणि दुधावरची साय सरकावी तसा उमलला. कुठं अडखळणं नाही. शंकरव्वानं खुर्चीवरच्या वस्त्राकडं पाहिलं. डोळे भरून आले.

मग रेंडर लावलं. डब्यातून आवाज सुरू झाला, आधी कुजबुज, मग पिठाची गिरणी. हिरवी पट्टी निघाली. स्वामींची केळी खाऊन झाली. त्यांनी पावसाचं विचारलं, मिरचीच्या पिकाचं विचारलं, जावयाची बदली कुठं झाली ते विचारलं. चहा झाला. गिरिजा कप विसळून आली. पट्टी अजून मध्यातच. परवा मंडक्की संपेतो काम झालं होतं. इराप्पानं डब्याला हात लावला आणि चटकन मागं घेतला.

पट्टी टोकाला गेली तेव्हा स्वामी भिंतीला टेकून पेंगत होते.

"अव्वा," इराप्पा हळू आवाजात म्हणाला, "गुलाबाला कार्ड चांगलं. पण फिल्म काढायला इनबिल्ट पुढं. कार्डात दोष नाही. त्याच्या काळात ते राजाच होतं. आता वय झालं त्याचं."

 दुसऱ्यांदा हरायला माणसाला वेळ लागतो. पहिल्या वेळी आपण फसलो असं तरी म्हणता येतं.

आणि विरूपाक्ष हसला. तिथं त्यानं चूक केली. गप्प राहिला असता तर खोली त्याचीच होती.

"मी काय म्हणत होतो?" तो म्हणाला. "वर्षभर घसा कोरडा केला. कार्ड जुनं, कार्ड जुनं."

शंकरव्वानं मान वळवली. "काय म्हणालास?"

"कार्ड जुनं म्हणालो. त्यापायीच सगळं अडत होतं."

"वर्षभर?"

"हो, वर्षभर."

"इराप्पा, हे कार्ड वर्षभर चालू होतं का?"

इराप्पा छताकडं बघायला लागला. "नव्हतं, अव्वा."

"मग हिरेमठांच्या लग्नाची फिल्म वैशाखात द्यायची ती श्रावणात गेली. त्यांची आई दारात उभी राहून मला बोलून गेली. मी तिला म्हटलं, आमच्या यजमानांचं कार्ड जरा दमलंय, सांभाळून घ्या. तेव्हा अडलं ते कोणामुळं?"

विरूपाक्षानं पाटावरच्या कॅमेऱ्याचा पट्टा उगाच सरळ केला. "इनबिल्टमुळं असेल."

"गुलाब अडला तो इनबिल्टमुळं असेल. अख्खं लग्न अडलं ते कोणामुळं?" ती सुनेकडं वळली. "गिरिजा, तू सांग."

गिरिजा हातातल्या फडक्याची घडी घालत होती. घडी पुरी झाली, तिनं ती पुन्हा उलगडली. "शूटिंगची डिस्क त्यांच्या गाडीच्या डिकीत होती, अत्ती. माझ्या हातात आली त्याच आठवड्यात फिल्म झाली."

"आणि अंगडींच्या लग्नाची?"

"तीपण डिकीत."

"आणि आत्ता? आत्ता काही आहे डिकीत?"

गिरिजानं नवऱ्याकडं पाहिलं. विरूपाक्षाचा हात खिशातल्या किल्लीकडं गेला, आणि ते सगळ्यांनी पाहिलं. स्वामींनीसुद्धा एक डोळा उघडला.

"मग इतके दिवस तोंडात काय धरून बसली होतीस?" शंकरव्वा सुनेवर खेकसली.

"तुम्ही दोघं कार्डावरून भांडत होतात," गिरिजा म्हणाली. "मध्ये मी काय बोलू? काम तर होत होतं."

काम तर होत होतं. शंकरव्वा ते वाक्य मनात धरून बसली. वर्षभर प्रत्येक फिल्म घरातून बाहेर पडली की तिनं डब्याच्या पाठीला हात जोडले होते. पाहुण्यांना खोलीत नेऊन दाखवलं होतं, हे बघा, यांनी मांडीवर आणलेलं. आणि यजमानांचं ते लाल कार्ड कपाळाला टिळा लावून गप्प झोपलेलं. ओढणारं कोणी वेगळंच ओढत होतं, आत कुठंतरी, नाव नाही आणि टिळाही नाही. तिनं त्या प्लास्टिकच्या स्टुलाकडं पाहिलं. एका पायाला तडा गेला होता. तड्याला सुतळी गुंडाळलेली होती, नीट, दोन पदरी. ती कोणी आणि कधी गुंडाळली, हेही तिला माहीत नव्हतं.

फार थकल्यासारखं झालं. आता कोणाला ओरडावं असंही वाटेना.

"इराप्पा," ती म्हणाली, "कार्ड काढ."

"अव्वा?"

"काढ म्हटलं ना. वायर परत वर लाव."

इराप्पानं डबा उघडला, स्क्रू सोडवले आणि कार्ड अलगद ओढून काढलं. अजून गरम होतं ते. शंकरव्वानं मांडीवर पदर पसरला आणि त्यात घेतलं. पंख्यांच्या पात्यांवर धूळ होती, ती बोटानं पुसली. मग उठली, कोणाचा हात न धरता. कॅमेऱ्यांच्या पाटावर नाही, घरच्या देवांच्या फळीवर, चन्नप्पांच्या फोटोखाली नेऊन ठेवलं.

परत येऊन तिनं लाकडी खुर्चीवरचं वस्त्र ओढलं, झटकलं, घडी करून खांद्यावर टाकलं. खुर्ची मशीनसमोर सरकवली. फरशीवर पाय करकरले.

"बस," ती गिरिजाला म्हणाली.

"अत्ती, अप्पांची खुर्ची..."

"तेही काम करायलाच बसायचे तिच्यावर. बस."

गिरिजा बसली, अगदी कडेला, कोणी उठवेल अशी. शंकरव्वानं विभूतीची वाटी उचलली. डब्याच्या पाठीवर आता दोन भोकं दिसत होती, एक वायरीचं आणि एक रिकामी फट. तिनं दोन्ही सोडून डब्याच्या चपट्या माथ्यावर टिळा ओढला, जिथं कुठलं तोंड बुजणार नाही. मग विरूपाक्षाकडं वळली. तो किल्ली मुठीत धरून उभा होता, लहानपणी काच फोडल्यावर उभा राहायचा तसा.

"विरूपाक्षा, नीट ऐक, मी एकदाच बोलणार आहे, दुसऱ्यांदा बोलायला माझ्यात दम नाही. कार्डावर मी पैज लावली आणि हरले. माझी जीभ एकच आहे, म्हणून तुझ्या अप्पाचं कार्ड मी माझ्या हातानं बाहेर काढलं. पण खोली तू मागितलीस ती खोटं सांगून, तेव्हा खोली जाणार नाही. त्या कव्हरवाल्याला फोन तू करायचास, आत्ता, माझ्यासमोर. उद्या बन्नी वाटून झाली की पहिल्यांदा डिकी उघडायची आणि जे असेल ते आणून हिच्या हातात द्यायचं. दारावर मिक्सिंगखाली हिचं नाव लागेल. आणि आजपासून या मशीनमध्ये बोट दाखवायला तुझ्या बापाचं काही उरलेलं नाही. आता अडलं, तर ते तुझंच अडलं."